हिरवा खण

नवरात्राचे मांडव उतरले की आमचा हंगाम सुरू होतो,
कारण बांबू तेव्हाच मोकळे होतात.
डेकोरेटर म्हसकर चार बांबू उधार देतो,
शाळेच्या फुटबॉलच्या खांबांना सुतळीनं उभे बांधले
की झाला आमचा गोल.
मागल्या साली एका बांबूला झेंडूची माळ तशीच राहिलेली,
आम्ही काढली नाही.

काठ्या चार महिने माझ्या पलंगाखाली होत्या.
आज पहाटे पाचला गोणपाट सोडलं,
कुबट वास, मुठींवर बुरशी,
एका काठीच्या चिरेत झुरळाची अंडी.
चौदा काठ्या, आयर्लंडातल्या अ‍ॅशच्या.
ते झाड मी कधी पाहिलेलं नाही,
त्याचे घाव मात्र मला पाठ आहेत.
एकेक पुसली, जवसाचं तेल चोळलं.
सासूबाई दारात उभ्या. म्हणाल्या,
जवस माझ्या गुडघ्यांना नाही मानवलं,
लाकडाला तरी मानवू दे.
फुटलेल्या तीन कुर्ल्याच्या सुताराकडे जाऊन आल्यात,
त्यानं तुपाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून खिळे ठोकले
आणि बिलावर लिहिलं: बॅट, वाकडी, दुरुस्ती.

डेक्लन आला होता जहाजांच्या विम्याच्या कामाला.
तीन वर्षं राहिला, आम्हाला हर्लिंगचा नाद लावला
आणि बदली होऊन गेला,
जसं कुणी मांजर चार दिवस शेजाऱ्यांकडे ठेवावं
आणि न्यायला येऊच नये.

साडेसहा ते आठ. त्यानंतर मैदान क्रिकेटवाल्यांचं,
त्यांच्या तीन मॅचेस एकमेकींत घुसलेल्या असतात.
माझगावच्या गोदीवरून ऑक्टोबरचं ऊन
तोवर निम्म्या मैदानावर आलेलं असतं.
शाळेचा माळी दरवर्षीप्रमाणे विचारतो, हॉकी का?
नाही.
मग काठी हवेत कशाला?
याचं उत्तर आठ वर्षांत कुणाला सुचलेलं नाही.

नव्या मुलीनं फॉर्म भरता भरता विचारलं,
हौशी क्लब म्हणजे काय हो?
आयव्हन मिस्किटा बूट बांधत म्हणाला,
पैसे मिळत नाहीत, भरावे लागतात.
वर्गणी बाराशे. गेल्या सालची सहा जणांची बाकी,
त्यांत एक मी,
आणि खजिनदारही मीच.

एका बाजूला पंधरा लागतात. आलो अकरा.
पाच विरुद्ध सहा, मग पाचांना आयव्हन जास्त,
मग आयव्हनला दम लागला म्हणून पुन्हा वाटणी.
भार्गवची पोटरी दुसऱ्याच धावेत धरली.
पहिला चेंडू हेमलतानं असा हाणला
की तो बांबूंच्या मधून, दांडीवरून,
भिंतीवरून, थेट पलीकडच्या इमारतीत
कुणाच्या तरी वाळवणावर.
एक गुण. आणि पाच मिनिटं खेळ बंद.

दांडीवरून गेला तर एक, पंच पांढरं निशाण उचलतो.
दांडीखालून, जाळीत, तर तीन. तेव्हा हिरवं.
आमचे पंच रुबीनाचे वडील, तुंगेकरचाचा,
पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त,
आयुष्यभर क्रेनवाल्याला हातवारे केले,
खांबाशेजारी अजूनही तसेच उभे राहतात, पाय फाकवून,
वरून काहीतरी जड येणार असल्यासारखे.
पांढऱ्यासाठी त्यांचा रुमाल.
हिरव्यासाठी माझ्या ओटीत आलेला खण.

गेल्या हंगामात या टोकाला
तो एकदाही वर गेला नाही.
सगळे म्हणाले, वहिनी, काय गोल राखलात!
मार्चमध्ये शेवटची मॅच संपली, तेव्हा चाचांनी
खणाची नीट चौघडी करून खिशात ठेवली.
बोलले काहीच नाहीत.

चेंडू आला. कुणीतरी वरून टाकला,
त्याबरोबर एक शिवीही.
मी हेल्मेट चढवलं, काठी धरली,
डावीकडे एकदा पाहिलं.
चाचांनी खण धुऊन, इस्त्री करून आणलाय.
घडीची रेघ इथून दिसते.

समोरून हेमलता धावत येतेय.